सांबार मोफत

माणूस डोक्याने खरेदी करत नाही, हे मी दोनदा शिकले. पहिल्यांदा अमरावतीच्या भाजीबाजारात, वहिनीशेजारी पालथ्या घातलेल्या कॅरेटवर बसून. दुसऱ्यांदा अकोल्यात, एसी लावलेल्या खोलीत, भिंतीवर पडणाऱ्या चित्रांसमोर. दुसऱ्या वेळी प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव होतं आणि मधल्या सुट्टीत समोसा होता. बाकी शिकवण तीच.

माझं माहेर वलगावचं. घरचं वावर, त्यात भाजीपाला. दादा पिकवतो, वहिनी विकते. अमरावतीच्या बाजारात तिचा ओटा माझ्या लग्नाआधीपासून एकाच जागी आहे. कॉलेज सुटलं की मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. तराजू तिच्या हातात, सुटे पैसे माझ्या हातात. पुढे लग्न होऊन अकोल्याला आले. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. मुलं मोठी झाली, घरात दुपारी करायला काही उरलं नाही, तेव्हा मी नोकरी धरली. लोक त्या जागेला मॉल म्हणतात. आहे ते मोठं दुमजली किराणा दुकान, फक्त त्याचं हेड ऑफिस पुण्याला आहे आणि दार आपोआप उघडतं. आधी मी डाळी निवडून पाकिटं भरायचे. भाजीतलं कळतं हे मॅनेजरच्या लक्षात आलं आणि मला भाजी विभागाची प्रमुख केलं. माझ्या हाताखाली चार बायका. सकाळी माल उतरवायचा, निवडायचा, ट्रेमध्ये भरून वर प्लास्टिक ओढायचं आणि भाव चिकटवायचा.

अडचण एकच होती. भाजी खपत नव्हती.

लोक यायचे. तेल घ्यायचे, साखर घ्यायचे, साबण घ्यायचे, आमच्या भाजीसमोरून ट्रॉली ढकलत जायचे आणि बाहेर पडल्यावर गेटसमोरच्या हातगाडीवरून मेथीची जुडी घ्यायचे. मी काचेतून बघायचे. आमची मेथी त्याच्यापेक्षा स्वच्छ होती, आणि भावही फार वेगळा नव्हता.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता हेड ऑफिसचं पत्र आलं. संक्रांतीपर्यंत भाजी विभागाची विक्री सुधारली नाही तर विभाग बंद. तिथे बिस्किटांचं आणि थंड पेयांचं शेल्फ लावायचं. बिस्किटं निवडायला बायका लागत नाहीत, त्यामुळे आम्हा पाचजणींना कुठे घेणार हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. मॅनेजरला विचारलं तर त्याने छताकडे पाहिलं. तो अकोल्याचाच, माणूस वाईट नाही, पण त्याच्या हातात काही नव्हतं. मी सत्तेचाळिशीची. दुसरी नोकरी काही माझी वाट बघत नव्हती. हाताखालच्या चौघींपैकी दोघींची घरं त्यांच्या पगारावरच चालत होती. रडारड मला जमत नाही. मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत म्हणजे चार महिने आहेत, बघू.

पत्रापाठोपाठ ट्रेनिंगवाले सर आले. पुण्याचे, तिशीतले, हसतमुख. त्यांनी आत येतानाच प्रत्येकीच्या हातात एकेक पेन ठेवलं. कुणाला निळं, कुणाला लाल. जेवणाच्या आधी म्हणाले, ज्यांना बदलून हवंय त्यांनी शेजारणीशी बदला, दोन्ही सारखीच आहेत. एकीनेही बदललं नाही. मीही नाही. माझं निळं होतं आणि दोन तासांत ते माझं झालं होतं. सर खूश झाले. म्हणाले, वस्तू हातात आली की माणसाला ती आपली वाटायला लागते आणि आपली वस्तू सोडवत नाही. दुकानदाराने फक्त ती गिऱ्हाइकाच्या हातात पोचवायची.

अशा पुष्कळ गोष्टी त्यांनी सांगितल्या. दूध कायम दुकानाच्या टोकाला ठेवायचं, म्हणजे दुधासाठी आलेला माणूस सगळं दुकान बघून जातो. एकाच मालाचे दोन भाव ठेवले तर लोक स्वस्त घेतात, तीन ठेवले तर मधला. चाळीसला माल महाग वाटतो, एकोणचाळीसला वाटत नाही. थोडंच उरलंय म्हटलं की जास्त हवंसं वाटतं. जिथे गर्दी, तिथे आणखी गर्दी. आणि फायदा होईल म्हणून माणूस जेवढा हलतो, त्याच्या दुप्पट तो नुकसान होईल म्हणून हलतो. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मला त्यात जादूबिदू काही वाटली नाही, पण बाजारात वर्षानुवर्षं पाहिलेलं कुणी ओळीने मांडून दाखवलं की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू. टमाटरांवर पिवळा दिवा आला. पालेभाजीच्या मागे आरसा आला, त्यामुळे पाच जुड्या दहा दिसायला लागल्या. वांग्यांचे तीन ट्रे केले: साधी, निवडक आणि खास. सर म्हणाले होते तसंच झालं, निवडक संपायला लागली. फक्त ‘खास’मध्ये काय घालायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, तिन्ही वांगी एकाच पोत्यातली. ते मला पटलं नाही. मी चौघींना सांगितलं, खरोखर बघून निवडा, किड्याचं छिद्र नसलेली, देठ हिरवं असलेली तेवढीच खासमध्ये. युक्ती चालेल, लबाडी चालणार नाही. वांग्याला काय कळतंय असं आपण म्हणतो, पण भाजी रात्री चिरली जाते आणि सकाळी बाई पुन्हा दुकानात येते.

एकोणचाळीसचा भाव मात्र फसला. एक काका रोज विचारायचे, एक रुपयाचं काय देता. आणि ‘शेवटची पाच पाकिटं’ हा बोर्ड तर आमच्यावरच उलटला.

त्याचं कारण मॅडम. मॅडम म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, दुकानामागच्याच गल्लीत राहायच्या. रोज सकाळी दूध घ्यायला येणार, भाजीसमोर थांबणार, चष्म्यातून प्रत्येक ट्रेचं निरीक्षण करणार आणि काहीही न घेता निघून जाणार. भाजी गेटबाहेरच्या गाडीवरून. त्यांच्या गल्लीतल्या बायका त्यांच्या पिशवीकडे बघून ठरवायच्या, म्हणून माझं त्यांच्याकडे लक्ष असायचं. मी मनाशी ठरवलं होतं, ज्या दिवशी मॅडम आमच्याकडून भाजी घेतील त्या दिवशी विभाग वाचला. तर मॅडम गुरुवारी माझ्याजवळ आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “अहो, ही शेवटची पाच पाकिटं सोमवारपासून शेवटचीच आहेत. उद्या किती शेवटची असतील, ते आजच सांगून ठेवा.”

मागे ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या दोघीतिघी हसल्या. मी बोर्ड त्याच दुपारी काढला.

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा हे सगळं वहिनीला सांगितलं. ती ओट्यावर भेंडी रचत होती. तिने आरशाचं ऐकून घेतलं, दिव्याचं ऐकून घेतलं. मग विचारलं, गिऱ्हाईक भेंडी मोडून बघतं का. मी म्हटलं, प्लास्टिक असतं वरून, आणि मोडायला मनाई आहे, तसा बोर्डच लावलाय.

वहिनी हातातली भेंडी तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. “मोडू देत नाही? मंग घेईन काहून कोनी, बाई?”

त्या दिवशी मी तिच्याकडे पहिल्यांदा विद्यार्थिनीसारखं बघितलं. वर्षानुवर्षं शेजारी बसले होते, पण तेव्हा नजर सुट्या पैशांवर असायची. आता पाहिलं तर ती आलेल्या बाईला भाव सांगतच नव्हती. आधी एक भेंडी तिच्या हातात देत होती. बाई टोक मोडायची, टचकन आवाज यायचा. मोडलेली भेंडी खाली टाकायला संकोच वाटतो, ती आपसूक पिशवीत जायची, आणि तिच्यासोबत अर्धा किलो. सरांचं पेन, दुसरं काय. वहिनीने फक्त त्यासाठी कधी समोसे खाऊ घातले नव्हते.

आणि शेवटी सांबार. सांबार म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर. आमच्या वऱ्हाडात तिला दुसरं नाव नाही. भाजी तोलून झाली, पैसे देऊन झाले, बाई पिशवी उचलून निघाली की वहिनी तिला हाक मारायची आणि मूठभर सांबार, दोन मिरच्या, गोडलिंबाच्या पानांची एक काडी पिशवीत वरून ठेवायची. कुणी मागितलेलं नसायचं. बाई तोवर दोन पावलं गेलेली असायची, ती परत फिरून हसायची. हे मी हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही विचारात घेतलं नव्हतं.

अकोल्याला परत आल्यावर मी मॅनेजरच्या मागे लागले. त्याने निम्म्या ट्रेवरचं प्लास्टिक काढायची परवानगी दिली, भेंडीचा बोर्डही उतरला. पहिल्या दिवशी भेंडीच्या टोकांचा ढीग पडला. झाडणारी चिडली, पण भेंडी दुपारपर्यंत संपली. विक्री हलायला लागली. हललीच, पण धावली नाही. डिसेंबर उजाडला, संक्रांत दिसायला लागली. मॅडम आता भेंडी मोडून बघायच्या, मान हलवायच्या आणि तरीही गाडीवरच जायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, तो वरून सांबार टाकतो.

मग मी हेड ऑफिसला प्रस्ताव पाठवला. दुकानात त्यासाठी कॉम्प्युटरवर फॉर्म आहे, मराठीतही भरता येतो. मी लिहिलं: शंभर रुपयांच्या भाजीवर सांबार मोफत. खाली कारण लिहायचं असतं. तिथे लिहिलं: इथल्या लोकांना सवय आहे, खर्च कमी, गिऱ्हाईक परत येतं.

एरवी हेड ऑफिसचं उत्तर यायला पंधरा दिवस लागतात. हे दुसऱ्या दिवशी आलं. मंजूर, शिवाय कौतुक. सरांनी स्वतः फोन करून सांगितलं की कल्पना फार आवडली, दोन विभागांचा माल एकमेकांना धरून खपेल. दोन विभाग कुठले, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मी खुशीत होते.

आठवड्याभरात छापील बोर्ड आले, मोठे, हिरवे. ‘शनिवारी सांबार मोफत’. अकोल्यातल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर मेसेजही गेला. मॅडमना गेला, माझ्या नवऱ्यालाही गेला. आणि शुक्रवारी दुपारी पुण्याहून खोकी आली. मी म्हटलं, सांबार खोक्यात? पुण्याहून? पुढच्या शिवारात ढिगाने पडलेला असताना? मॅनेजरने खोकं कापलं. आत छोटी छोटी चकचकीत पाकिटं. त्यांवर इडली, वडा आणि वाटीभर आमटीचं चित्र.

सांबार मसाला.

मॅनेजर मटकन खोक्यावर बसला. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. उद्या सकाळी सगळा अकोला सांबार मागायला येणार आणि आम्ही प्रत्येकाच्या हातात इडलीचं चित्र ठेवणार. ‘शेवटच्या पाच पाकिटां’वर मॅडम एक वाक्य बोलल्या होत्या, आता त्या तास घेतील. आणि संक्रांतीला महिनासुद्धा उरला नव्हता. विभाग बंद करायला याहून चांगलं कारण आम्हाला स्वतः शोधूनही सापडलं नसतं.

सरांना फोन लावला. त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते म्हणाले, “अहो ताई, मग कोथिंबीर लिहायचं ना.”

“सर, कोथिंबीर आम्ही पुस्तकात वाचतो,” मी म्हटलं. “खातो ते सांबारच.”

त्यांनी प्रामाणिकपणे माफी मागितली. पण मोफत वस्तू बदलायची तर मंजुरी पुन्हा, कॉम्प्युटरमध्ये नोंद पुन्हा, आणि शनिवार-रविवार ऑफिस बंद. बिलाच्या काउंटरवरून मसाल्याचं पाकीटच जाणार, दुसरं काही जाऊ शकत नाही. मॅनेजर म्हणाला, बाहेरचा माल आत आणायचा नाही, हाही नियमच.

दुसरा फोन वहिनीला. सगळं ऐकून ती एवढी हसली की फोन दादाने घेतला आणि त्यालाही पहिल्यापासून सांगावं लागलं. मागून तिचा आवाज येत होता, “मसाला कायले पाठोला? अकोल्यात सारे इडल्या उकडून राह्यले काय?” मग दादाने सांगितलं की वावरात सांबाराचे दोन वाफे उभे आहेत, बाजारात त्याला कुणी विचारत नाही, फुलं धरायला लागलीत, तो सोमवारी नांगर घालणार होता. वहिनीने फोन परत घेतला आणि विचारलं, दुकान किती वाजता उघडते.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी मालाची गाडी गेटशी उभी. वलगावची भाजी रोज ज्या गाडीने अमरावतीला जाते, तीच त्या दिवशी अकोल्याला आली होती. वहिनी ड्रायव्हरशेजारून उतरली. इस्त्रीचं लुगडं, हातात रिकामी पिशवी. मागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेले सांबाराचे भारे. मॅनेजरने तिला आत येऊ दिलं नाही, पण बाहेरच्या पायरीवर कोण बसतं हे त्याच्या नियमात नव्हतं. तो सकाळभर त्या दिशेला न बघितल्यासारखं करत बघत राहिला.

पायरीवर बसण्याआधी वहिनी समोरच्या हातगाडीवाल्याकडे गेली. मला वाटलं होतं की तो भांडेल, त्याचंच गिऱ्हाईक आम्ही ओढत होतो. तिने त्याच्याकडचा होता नव्हता तेवढा गोडलिंब विकत घेतला. दिवसाची पहिली बोहनी तिच्याकडून झाली. बोहनी देणाऱ्या बाईशी कुणी भांडत नाही.

आतलं दृश्य माझ्या कल्पनेप्रमाणेच झालं. लोक आले, भाजी घेतली, बिल केलं आणि हातात मसाला आला. पहिली बाई नुसती गोंधळली. दुसरी म्हणाली, हे काय? तिसऱ्या मॅडम होत्या. त्यांनी आज आमच्याकडून भाजी घेतली होती: खासमधली वांगी, भेंडी आणि मेथी. पाकीट उलटंसुलटं करून वाचलं, बोर्ड पुन्हा वाचला आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, “बोर्डावर एक लिहिता, हातात दुसरं देता. शाळेत आम्ही याला शून्य द्यायचो.” मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी मॅडमना एवढंच म्हटलं, बाहेर पायरीपर्यंत चला, मग शून्य द्या.

दार उघडलं. वहिनीने मॅडमच्या पिशवीत डोकावून बघितलं, न विचारता. एक वांगं उचलून फिरवून पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाली, वांगे चांगले निवडले. मग ओला, मुळांसकट उपटलेला सांबाराचा चांगला जुडगा त्यावर ठेवला, गोडलिंबाची काडी खोचली आणि पिशवीचे बंद स्वतःच नीट केले. मॅडम पिशवीवर वाकल्या. त्यांनी सांबार नाकाशी नेला. मसाल्याचं पाकीट त्यांच्या दुसऱ्या हातात तसंच होतं. मग त्यांनी मागे वळून मला विचारलं, “दोन्ही?”

मी म्हटलं, दोन्ही.

त्यानंतर पायरीवर जे झालं ते मी आजवर कुठल्याही ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं नाही. वहिनी कुणाचं बिल बघत नव्हती, पिशवी बघत होती. एक बाई साबण आणि तेल घेऊन निघाल्या होत्या, त्यांनी हात पुढे केला. वहिनी म्हणाली, “साबनाले सांबार लागते काय, काकू? आत जा, पावभर वांगे घेऊन या, मंग देतो.” काकू खरंच परत आत गेल्या. चवळीच्या शेंगा आणि ढेमसं घेऊन आल्या, आणि विजयी चेहऱ्याने पिशवी पुढे केली. पायरीशी रांग लागली. रांग बघून रस्त्यावरचे लोक विचारायला लागले, आत काय आहे. काहीजण काहीही माहीत नसताना रांगेत उभे राहिले. अकरा वाजता माझे सगळे ट्रे रिकामे झाले होते आणि चौघीजणी गोदामातून उरलेला माल आणत होत्या.

सर दुपारी पोचले. चूक आपली म्हणून रात्रीच्याच गाडीने निघाले होते बिचारे. ते बराच वेळ दाराजवळ उभे राहून बघत होते. मग वहिनीजवळ पायरीवर बसले आणि विचारलं की हे बिल व्हायच्या आधी, आत दिलं असतं तर काय फरक पडला असता. फॉर्म भरताना माझ्याही मनात तसंच होतं, भाजीबरोबर टोपलीत. बाहेर देणं ही आमची सोय नव्हती, नाइलाज होता.

वहिनीने हात पदराला पुसले. “आधी देलं त थो सौदा होते, साहेब. गिऱ्हाईक म्हनते, हे त माह्याच पैशातलं हाय. पैसे घेऊन झाल्यावर देलं त थे माया होते. मायेचा हिशेब कोनी करत नाही, पन इसरतबी नाही.”

सरांनी ते लिहून घेतलं. ‘थे’ आणि ‘त’ कसं लिहायचं, ते मला विचारून घेतलं.

वहिनीला आता गाडीने परत जायचं होतं. जाण्याआधी म्हणाली, आलेच आहे तर चहापत्ती घेऊन जाते. मी म्हटलं, बरोबर येते. ती म्हणाली, नको, मी काय लहान आहे. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा रिकाम्या पिशवीत चहापत्ती होती, शाम्पूच्या दोन बाटल्या होत्या, कडधान्य ठेवायचे झाकणवाले सहा डबे होते आणि एक छत्री होती. डिसेंबरात. आयुष्यभर अख्ख्या अमरावतीला भेंडी मोडायला लावणारी बाई. मी म्हटलं, वहिनी, हे काहून घेतलं?

“एकावर एक होतं न, बाई,” ती म्हणाली. “सोडलं असतं त नुकसानच नसतं काय झालं?”

सर माझ्या मागेच उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

सोमवारी ना बोर्ड होता, ना वहिनी. मसाल्याची खोकी मात्र होती आणि पुढे कित्येक दिवस राहिली. माझ्या घरी अजून सहा पाकिटं आहेत. नवरा वरणात टाकून बघतो आणि दर वेळी निराश होतो. त्या सोमवारी मॅडम दूध घ्यायला आल्या, भाजीसमोर थांबल्या, चष्मा वर केला. त्यांनी भेंडी मोडली, पाव किलो घेतली, मेथी घेतली, बिल करून दाराकडे निघाल्या. मी दारापर्यंत गेले आणि मूठभर सांबार त्यांच्या पिशवीत ठेवला. दादाच्या वाफ्यातला शेवटचा, मी घरून आणलेला. मॅडम म्हणाल्या, आज तर ऑफर नव्हती. मी म्हटलं, नाहीच आहे.

त्या हसल्या आणि गेटबाहेर पडल्या. हातगाडीवाल्याशी दोन शब्द बोलल्या, त्याच्याकडून लिंबं घेतली. लिंबं आमच्याकडे बरी नव्हती, हे मलाही मान्य होतं.

मॅडमच्या पिशवीपाठोपाठ त्यांची गल्लीही आमच्याकडे यायला लागली, आणि संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी पत्र आलं. भाजी विभाग चालू राहील. पाचजणींच्या जागाही राहतील. बिस्किटांचं शेल्फ जिन्याखाली लागलं, तिथे ते चांगलं चालतं. मुलं जिना उतरतानाच हट्ट करतात, सरांची पसंती होती ती जागा. मी चौघींना पत्र वाचून दाखवलं. एकीने डोळ्याला पदर लावला, तिला मी म्हटलं, मेथी सुकून चाललीय, पाणी मार.

पत्रासोबत एक कामही आलं होतं. यापुढे वऱ्हाडातल्या कुठल्याही दुकानाचा बोर्ड छापण्याआधी शब्द तपासायचे आहेत, तरी इथल्या भाज्यांच्या नावांची यादी करून पाठवावी. मी दुपारभर बसून केली. सांबार म्हणजे कोथिंबीर. गोडलिंब म्हणजे कढीपत्ता. आलू म्हणजे बटाटा. भेदरं म्हणजे टमाटर, जुन्या माणसांच्या तोंडी. कोहळं म्हणजे लाल भोपळा, पुण्यात ज्याला कोहळा म्हणतात तो नव्हे. ढेमसं म्हणजे ढेमसं, त्याला तुमच्याकडे शब्द नाही कारण तुमच्याकडे ढेमसं नाही.

यादी पाठवली आणि तिच्यासोबत नवा प्रस्तावही. थंडीत इथे वालाची एक रुंद, हिरवी शेंग येते. तिच्या दाण्यांची उसळ घरोघरी होते. दादाच्या बांधावर तिचे वेल मांडवभर चढले होते. मी फॉर्ममध्ये लिहिलं: शनिवारी वांग्यांसोबत पोपट, अर्ध्या भावात.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज अगदी सावध होता.

“ताई, यादीत नाहीये हा शब्द. मी बोर्ड छापायला दिलेला नाही अजून. आधी सांगा, हा उडत नाही ना?”